कोपऱ्यातला फिकट तुकडा

दिवेलागणीच्या सुमारास आमच्या लॅबच्या काउंटरवर एखादा माणूस येऊन उभा राहतो. खिशात रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट, खांद्याला पिशवी, डोळ्यांत पंधरा दिवसांचं जागरण. "मॅडम, स्लाइडी आणि ब्लॉक मिळतील का? उद्या सकाळी परळला दाखवायच्यात." मिरजेत पॅथॉलॉजी करणाऱ्या कुणालाच हे वाक्य नवीन नाही. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, सीमेपलीकडून अथणी अशा गावांहून पेशंट मिरजेला येतात, आणि निदान कॅन्सरचं निघालं की त्यांतले बरेचजण टाटा मेमोरियलची वाट धरतात. तिथले पॅथॉलॉजिस्ट आमचा रिपोर्ट वाचतात, पण काच स्वतः बघितल्याशिवाय पुढं जात नाहीत. तसंच असायला हवं.

मग काका कपाट उघडतात. काका म्हणजे आमचे मुख्य टेक्निशियन. मायक्रोटोमवर, म्हणजे टिश्यूचे पातळ काप काढणाऱ्या यंत्रावर, एकतीस वर्षं त्यांचा हात फिरतोय. एकेक स्लाइड मऊ कागदात गुंडाळून डबीत ठेवायची, वर कापूस, त्यावर रबरबँड. ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला पेशंटचा टिश्यू, वेगळ्या पाकिटात. आणि दर वेळी तीच सूचना: "ब्लॉक उन्हात ठेवू नका हं. मेणाचा असतो, पातळ होतो." माणूस ती डबी देवघरातल्या वस्तूसारखी दोन्ही हातांनी घेतो.

दोन वर्षांपूर्वी अशीच एक डबी परत आली. एका बाईंच्या अन्ननलिकेतून एंडोस्कोपीनं काढलेले तांदळाच्या कणीएवढे चार तुकडे होते. खरा बदल एकाच तुकड्यात, तोही ब्लॉकमध्ये एकाच खोलीवर दिसत होता. पुढच्या तपासण्यांसाठी ब्लॉक कापत कापत गेलो तेव्हा आत नुसतं मेण उरलं. म्हणजे पुरावा म्हणावा अशी काच एकच. रेल्वेच्या डब्यातल्या गर्दीत पिशवी दाबली गेली आणि ती काच तीन ठिकाणी फुटली, नेमकी हव्या त्या जागी भुगा. बाईंच्या मुलानं ते तुकडे कागदाच्या पुडीत जपून आणले होते. त्यानं माझ्यासमोर पुडी सोडली आणि विचारलं, "हे जुळवता येतील का?"

नाही आले. त्या बाईंना पाण्याचा घोटसुद्धा धड उतरत नव्हता आणि त्यांची एंडोस्कोपी पुन्हा करावी लागली. त्या काचेचा एक साधा फोटोही आमच्याकडं नव्हता. स्लाइड स्कॅनर घ्यायचा, हे मी त्या संध्याकाळी ठरवलं. कुठला घ्यायचा हे ठरवायला मात्र पुढं अकरा महिने लागले.

स्कॅनर म्हटलं की झेरॉक्सच्या दुकानातलं यंत्र डोळ्यांपुढं येतं. हे तसं नाही. आपली स्लाइड म्हणजे ७५ मिलीमीटर लांब आणि २५ मिलीमीटर रुंद काच. तिच्यावर तीन-चार मायक्रॉन (मिलीमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचा टिश्यूचा पापुद्रा, म्हणजे सेक्शन, तो हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या रंगांनी रंगवलेला, वर डीपीएक्स नावाचा चिकट द्रव आणि त्यावर कव्हरस्लिप, म्हणजे झाकणाची पातळ काच. यंत्राच्या पोटात मायक्रोस्कोपचीच लेन्स असते. तिच्याखालून काच बारीक बारीक सरकत जाते, कॅमेरा पट्ट्यापट्ट्यांनी किंवा चौकोनाचौकोनांनी फोटो घेतो आणि सॉफ्टवेअर ते सगळे सांधून एक अखंड चित्र तयार करतं. हे चित्र पडद्यावर मोठं-लहान करत जायचं, मोबाइलवरच्या नकाशात आधी जिल्हा, मग गाव, मग आपली गल्ली बघतो तसं. फाइल कितीही मोठी असली तरी पडद्यावर दिसतो तेवढाच भाग मागवला जातो, त्यामुळं परळच्या डॉक्टरांना आपली स्लाइड घरच्या इंटरनेटवरही उघडता येते.

कल्पना तशी जुनीच. १९८६ साली अमेरिकेत रोनाल्ड वाइनस्टाइन यांनी टेक्सासमधल्या एल पासोतली काच उपग्रहामार्फत वॉशिंग्टनमध्ये बसून बघता येते, हे करून दाखवलं होतं. पण नेहमीचं निदान थेट पडद्यावरून करायला अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेनं, पहिली परवानगी दिली ती एप्रिल २०१७ मध्ये, फिलिप्सच्या यंत्रणेला. मधली एकतीस वर्षं. काकांनी माझ्या टेबलावर आणून दिलेल्या स्लाइडी जितकी वर्षं कापल्या, बरोबर तितकी. हा योगायोग मी त्यांना सांगितला तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली आणि वॉटर बाथच्या कोमट पाण्यावर तरंगणारी कापांची रिबन काचेवर उचलून घेतली.

त्या परवानगीमागचा अभ्यास मी दोनदा वाचला. १,९९२ केसेस, १६ पॅथॉलॉजिस्ट. तेच रुग्ण मायक्रोस्कोपवरही बघायचे आणि पडद्यावरही, आणि दोन्हीकडचं निदान मूळ निदानाशी ताडून बघायचं. महत्त्वाचा फरक पडला तो पडद्यावर ४.९ टक्के केसेसमध्ये आणि मायक्रोस्कोपवर ४.६ टक्के. हे वाचून माझी एक जुनी भीती गेली. तीच काच, तोच माणूस, तोच मायक्रोस्कोप, तरीही दुसऱ्या वेळी मत बदलू शकतं. पडदा आल्यानं त्यात फारशी भर पडत नाही.

मग कंपन्यांची माहितीपत्रकं यायला लागली. एकाच वेळी ४५० स्लाइडी पोटात घेणारं मोठं यंत्र होतं, सहाच स्लाइडींचं टेबलावर मावणारंही होतं. मधले ६०, २४०, २५०, ३०० असे आकडे. जपानी, जर्मन, हंगेरियन आणि आपल्या बंगळूरमध्ये बनलेलीसुद्धा. किमती लाखांपासून सुरू होऊन कोटीच्या घरात जात होत्या. आमच्यासारख्या लॅबला हा पैसा सहज उभा राहत नाही. जवळपास प्रत्येक पत्रकावर सगळ्यांत ठळक टाइपात छापलेली गोष्ट एकच होती, वेग. तासाला इतक्या स्लाइडी, एका स्लाइडला इतके सेकंद.

त्या सेकंदांखाली बारीक अक्षरात एक ओळ असते, ती आधी वाचावी. हा वेग १५ बाय १५ मिलीमीटरच्या तुकड्यासाठी असतो. म्हणजे २२५ चौरस मिलीमीटर. आमच्याकडं स्तनाच्या किंवा आतड्याच्या ऑपरेशनमधून येणारा सेक्शन सहज २५ बाय २०चा असतो, म्हणजे ५०० चौरस मिलीमीटर, दुपटीहून जास्त. माहितीपत्रकातला दिवस आणि आमच्या लॅबमधला दिवस यांत एवढं अंतर आहे.

दुसरी गोष्ट, ४०एक्स, म्हणजे चाळीस पट. सगळे ४०एक्स म्हणतात. त्याचा अर्थ साधारण पाव मायक्रॉनला एक पिक्सेल, आणि २०एक्स म्हणजे अर्ध्या मायक्रॉनला एक. पण पिक्सेल लहान केला म्हणून आपोआप तपशील वाढत नाही. लेन्स किती प्रकाश गोळा करते, म्हणजे तिचा एनए (न्यूमरिकल अपर्चर) किती, यावर खरे बारकावे दिसणं अवलंबून. बऱ्याच यंत्रांत ०.७५ एनएची २०एक्सचीच लेन्स असते आणि पुढं ते चित्र ४०च्या प्रतीचं केलं जातं. ते वाईट नाही, रोजच्या कामाला पुरतं. फक्त विकत घेणाऱ्यानं विचारावं की आत लेन्स कुठली आहे. मी विचारलं तेव्हा दोघांनी लगेच सांगितलं, तिसऱ्यानं दोन दिवसांनी फोन केला.

आणि साठवण. एक हिशेब मी भिंतीवरच्या फळ्यावर लिहून ठेवला होता. १५ मिलीमीटरची एक बाजू पाव मायक्रॉननं मोजली तर ६०,००० पिक्सेल. लांबी-रुंदी मिळून ३६० कोटी. तसंच्या तसं ठेवलं तर जवळपास ११ जीबी, दाबून ठेवलं तर साधारण एक जीबी. दिवसाला शंभर स्लाइडी धरल्या तर महिन्याच्या पंचवीस कामाच्या दिवसांत अडीच टेराबाइट, वर्षाला तीस. स्कॅनर एकदाच घ्यायचा असतो, डिस्क मात्र दर वर्षी. आम्ही शेवटी ठरवलं की कॅन्सरच्या सगळ्या केसेस, लहान बायोप्सी आणि बाहेरगावी मत घ्यायला जाणारी प्रत्येक काच कायम ठेवायची, बाकीच्या सहा महिन्यांनी पुसायच्या. काच कपाटात असतेच.

फाइलीच्या जातीचंही तसंच. प्रत्येक कंपनीची आपापली जात. एक्स-रे आणि सीटीवाल्यांकडं डायकॉम नावाची सामायिक भाषा आहे. स्लाइडींसाठीही ती २०१० मध्ये ठरवली गेली, पण सगळेच ती बोलत नाहीत. कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेलं ओपनस्लाइड किंवा बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत तयार झालेलं क्यूपाथ, ही दोन्ही फुकट मिळतात आणि बऱ्याच जातींच्या फाइली उघडतात. तुमच्या यंत्राची फाइल यांत उघडत नसेल तर दहा वर्षांनी, कंपनी असो वा नसो, तुमच्या पेशंटची चित्रं कुलपात आणि किल्ली दुसऱ्याकडं. या एका कारणावरून मी एक यंत्र यादीतून काढून टाकलं आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही.

आता डेमोचा दिवस.

कंपनीची माणसं यंत्र घेऊन आली, सोबत त्यांच्या स्वतःच्या स्लाइडी. पडद्यावर किडनीचा एक सेक्शन उघडला. काय रंग, काय फोकस! प्रत्येक ग्लोमेरुलस, म्हणजे किडनीतली बारीक गाळणी, कोरल्यासारखा. आमच्या दोन ज्युनिअर डॉक्टर हरखून गेल्या. काका मागं उभे होते. ते पुढं झाले, हातात चोवीस स्लाइडींचा ट्रे. "मॅडम, त्यांचं काम बघितलं. आता आपलं दाखवा की त्याला."

तो ट्रे काकांनी आठवडाभर खपून निवडला होता. तो निवडताना त्यांनी स्वतःचे दोष लपवले नाहीत, हे मला फार मोठं वाटलं. कव्हरस्लिप काचेच्या कडेबाहेर केसभर आलेली एक. डीपीएक्स अजून ओलं असलेली एक, ऐन पावसाळ्यातली. हवेचा बुडबुडा अडकलेली. घडी पडलेला सेक्शन. बारा वर्षांपूर्वीची, जिचं डीपीएक्स पिवळं पडून कडेनं आक्रसलंय. लेबलवर लेबल चिकटवून जाड झालेली. माझ्याच हातच्या मार्करच्या निळ्या टिंबांची एक, कारण संशयाच्या जागी टिंब द्यायची मला सवय. हाडाच्या मगजाची. थायरॉइडचा एफएनएसीचा स्मिअर, म्हणजे बारीक सुईनं काढून काचेवर पसरलेल्या पेशी. आणि अगदी शेवटच्या खाचेत, वपेच्या बायोप्सीची.

वपा म्हणजे पोटात आतड्यांवर पदरासारखा पसरलेला चरबीचा पडदा. ही काच जठराच्या कॅन्सरच्या एका पेशंटची होती, रिपोर्ट मीच केलेला. काचेवर तीन तुकडे होते. दोन गडद, तंतुमय, त्यांत काहीही नाही. तिसरा कव्हरस्लिपच्या कोपऱ्याला सरकलेला, फिकट, नुसती चरबी. त्या चरबीच्या पेशींच्या मधून कॅन्सरच्या सिग्नेट रिंग पेशी एकट्या-दुकट्या विखुरलेल्या. पेशीच्या पोटात म्युकस, म्हणजे चिकट द्रव, भरून केंद्रक कडेला ढकललेलं, खड्याच्या अंगठीसारखं. त्या मोजक्या पेशींवर त्या माणसाच्या आजाराचा टप्पा ठरला होता, आणि त्यावर पुढं काय करायचं आणि काय करायचं नाही, तेही.

यंत्र चाललं. दोन स्लाइडी त्यानं घेतल्याच नाहीत, कडेबाहेरची कव्हरस्लिप आणि जाड लेबल. तीन अंधुक आल्या. टिंबांच्या स्लाइडवर त्यानं शाईवर फोकस धरला आणि टिश्यू धूसर. हे सगळं अपेक्षित होतं. मग वपेची स्लाइड उघडली. सुंदर आली होती. दोन तुकडे, लख्ख.

तिसरा नव्हता.

आणि काही सुटलंय असं यंत्रानं सांगितलंही नाही. पडद्यावर कुठं लाल खूण नाही, सूचना नाही. मूळ काच न बघितलेल्या माणसाला या काचेवर दोनच तुकडे आहेत यात शंका येण्याचं काही कारण नव्हतं. मी तो रिपोर्ट घरी बसून पडद्यावर केला असता तर 'वपेत कॅन्सर नाही' असं लिहून सही केली असती.

असं का होतं ते समजून घ्यायला हवं. स्कॅनर सुरुवातीला साध्या कॅमेऱ्यानं अख्ख्या काचेचा एक छोटा फोटो घेतो. त्यात रंगीत काय, गडद काय, ते शोधून 'इथं टिश्यू आहे' असं ठरवतो आणि तेवढ्याच भागावर मोठी लेन्स फिरवतो. कोरी काच स्कॅन करण्यात वेळ आणि जागा दोन्ही वाया जातात, म्हणून हा शहाणपणा. पण चरबी प्रोसेसिंगमध्ये अल्कोहोल आणि झायलीनमध्ये विरघळून जाते. काचेवर उरतात त्या फक्त पेशींच्या पातळ भिंती, रिकाम्या पोळ्यासारख्या. छोट्या फोटोत ते सगळं जवळजवळ पांढरं. म्हणून यंत्र ते सोडून देतं. कधी इम्युनोच्या, म्हणजे अँटिबॉडी वापरून रंगवलेल्या, फिकट निळ्या स्लाइडीही अशाच सुटतात. आणि कॅन्सर लपायला याच जागा निवडतो: वपा, काखेतली चरबी, आतड्याच्या बाहेरचा थर.

कंपनीचा तरुण प्रामाणिक होता. म्हणाला, "मॅडम, सेटिंग वाढवता येतं. अख्खी काच स्कॅन करता येते." येते. वेळ तिप्पट, फाइल तिप्पट. मी विचारलं, "ते कळलं. पण हा तुकडा सुटलाय, हे यंत्र मला कुठं सांगतं?" त्यानं तीन मेन्यू उघडून आतून तो छोटा फोटो काढून दाखवला. होता तिसरा तुकडा, कोपऱ्यात, धुक्यासारखा. पण रोजच्या शंभर स्लाइडींत कोण तीन मेन्यू उघडणार?

त्या रात्री मी बराच वेळ याच गोष्टीचा विचार करत होते. मायक्रोस्कोपवर आम्ही काच बघतो ती शेत नांगरावं तशी. एका कडेनं सुरुवात, नांगराच्या तासामागून तास, बांधापर्यंत जायचं आणि वळायचं. उजव्या हाताच्या बोटांत स्टेज, डाव्या हाताच्या बोटांत बारीक फोकस. तो फोकस सतत हलत असतो, इतका नकळत की विद्यार्थ्यांना दाखवेपर्यंत मला स्वतःला जाणवलंच नव्हतं. एखादा कोपरा मी घाईत सोडला तर सोडल्याचं हाताला ठाऊक असतं. जेवताना आठवतं, परत येऊन बघते. स्कॅनरनं दिलेल्या चित्रात मात्र बांध दुसऱ्यानं घातलेला असतो. मी इमानदारीनं शेवटच्या तासापर्यंत नांगरेन, पण बांधापलीकडं आपलंच रान पडलंय हे मला कळणार नाही.

म्हणून आमची कसोटी बदलली. वेग, पिक्सेल, ट्रेची क्षमता, सगळं खरं. पण पहिला प्रश्न हा, की तुमचं यंत्र जे बघत नाही ते लपवतं की दाखवतं?

पुढच्या चार डेमोंना काकांचा तोच ट्रे गेला. वपेची स्लाइड दोन यंत्रांनी पूर्ण घेतली, दोघांनी सोडली. आम्ही शेवटी निवडलं ते सोडणाऱ्यांपैकी एक. ऐकायला विचित्र वाटेल. पण ते यंत्र प्रत्येक चित्राशेजारी अख्ख्या काचेचा फोटो कायम उघडा ठेवतं आणि स्कॅन केलेल्या भागाभोवती हिरवी रेघ काढतं. रेघेबाहेर काही दिसलं की बोटानं चौकोन ओढायचा, तेवढा भाग पुन्हा स्कॅन होतो. पूर्ण घेणाऱ्या दोन्ही यंत्रांत ही सोय नव्हती. त्यांनी आज घेतलं, उद्या दुसऱ्या एखाद्या फिकट तुकड्याला काय करतील, हे कळायचा मार्ग नव्हता. आमचं यंत्र मध्यम वेगाचं आहे, एका वेळी ६० स्लाइडी घेतं, आणि त्याचा सर्व्हिस इंजिनिअर पुण्याहून त्याच दिवशी पोचतो. ही शेवटची गोष्ट मी करारात लिहून घेतली. यंत्र घेताना लोक किमतीवर घासाघीस करतात. माझं म्हणणं, किंमत थोडी सोडा, पण देखभालीच्या करारातली प्रत्येक ओळ भांडून घ्या. लेन्स, कॅमेरा, दिवा आणि सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती, यांतलं काय त्यात बसतं आणि काय नाही, ते.

जागेचा विचारही तेव्हाच झाला. आधी ते सेंट्रिफ्यूजच्या, म्हणजे नमुन्यांच्या नळ्या वेगानं फिरवणाऱ्या यंत्राच्या, खोलीत ठेवणार होतो. काकांनी टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवून सेंट्रिफ्यूज चालू केलं आणि पाण्यावरचे तरंग दाखवले. ०.७५ एनएच्या लेन्सची फोकसची खोली जेमतेम एक मायक्रॉन. तरंग उठणाऱ्या टेबलावर एक मायक्रॉन कुठून सांभाळणार? यंत्र आतल्या खोलीत गेलं, ग्रॅनाइटच्या ओट्यावर, वेगळा यूपीएस आणि वेगळा एसी घेऊन.

यंत्र आलं म्हणून लगेच त्यावर रिपोर्ट सुरू करता येत नाहीत. कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्टस् या संस्थेनं २०१३ मध्ये नियम घालून दिले आणि २०२१ मध्ये ते सुधारले. किमान ६० केसेस, त्याच पॅथॉलॉजिस्टनं दोन्हीकडं बघायच्या, मध्ये किमान दोन आठवड्यांचं अंतर, म्हणजे आधीचं निदान डोक्यातून जातं. आम्ही नव्वद केल्या. साठावर थांबायचं मनाला पटेना. दोन केसेसमध्ये माझं मत बदललं, आणि एकीत पडद्यावरचं जास्त बरोबर होतं, हे मी इथं नोंदवते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये विभाजन होणाऱ्या पेशी मोजायच्या असतात. मायक्रोस्कोपवर ते मोजणं आयपीसच्या व्यासावर अवलंबून, प्रत्येक मायक्रोस्कोपचं वर्तुळ वेगळं, तक्ता बघून हिशेब. पडद्यावर सरळ चौरस मिलीमीटर आखायचे आणि मोजायचं. वर्षानुवर्षं जे अंदाजाच्या जवळपास करत होतो ते नीट करता येतंय, याचं मला मनापासून समाधान आहे.

काही गोष्टी मात्र काचेवरच राहिल्या. एफएनएसीचे स्मिअर, कारण त्यांत पेशींचे गठ्ठे एकावर एक असतात आणि बारीक फोकस वरखाली केल्याशिवाय आतलं दिसत नाही. यंत्र वेगवेगळ्या खोलीवर चित्रं घेऊ शकतं, पण मग एक जीबीचे दहा होतात. टीबीचे जंतू शोधायचे तर ऑइल इमर्शनशिवाय, म्हणजे काचेवर तेलाचा थेंब ठेवून बघायच्या लेन्सशिवाय, मला भरवसा वाटत नाही, आणि आमच्या भागात गाठीच्या प्रत्येक बायोप्सीत टीबीचा विचार करावाच लागतो. अमायलॉइड या साचणाऱ्या प्रथिनासाठी काँगो रेड या रंगावर ध्रुवित प्रकाशात दिसणारा तो सफरचंदी हिरवा रंग, तोही आमच्या यंत्रात नाही. माझा जुना मायक्रोस्कोप खिडकीशी आहे तिथंच आहे.

सगळ्यांत जास्त बदललं ते यंत्राच्या आधीचं काम. काकांनी कुणी न सांगता पद्धती बदलल्या. स्लाइड आता रात्रभर सुकवतात, पावसाळ्यात ओव्हनमध्ये. कव्हरस्लिप काचेच्या आत, कडेपासून मोजून. बारकोडचं लेबल एकच. सेक्शन मधोमध उचलायचा, कोपऱ्यात नाही. मला मार्करची टिंबं द्यायची सक्त मनाई. ती मी पाळते. रंग थोडा गडद ठेवायला लागलो आणि इओसिन दर आठवड्याला बदलतो. नव्या मुलीला शिकवताना काका काच उजेडाकडं धरून म्हणतात, "हे बघ, यंत्राला जे दिसायला पायजे ते आधी तुला दिसलं पायजे."

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जाणारी माणसं अजूनही येतात. डबी अजूनही दिली जाते, कारण सगळीकडं पडदा पुरत नाही आणि ब्लॉक तर लागतोच. पण आता डबी हातात द्यायच्या आधी त्यातली प्रत्येक काच यंत्रातून गेलेली असते. गेल्या महिन्यात एका मुलानं विचारलं, "वाटेत फुटली तर?" काउंटरवरच्या मुलीनं त्याला पडद्यावर त्याच्या वडिलांची स्लाइड उघडून दाखवली. तो बराच वेळ त्या गुलाबी-निळ्या नकाशाकडं बघत राहिला. मग डबी नेहमीसारखीच दोन्ही हातांनी घेतली.

संध्याकाळी सहाला काका ६० स्लाइडी भरतात. रात्रीतून यंत्र त्या संपवतं. सकाळी मी यायच्या आधी काका खुर्चीवर बसून एकेक छोटा फोटो बघतात, हातात मूळ काच, ती ट्यूबलाइटकडं धरलेली. तुकडे मोजतात. काचेवर तीन, हिरव्या रेघेत तीन, पुढची. काचेवर पाच, रेघेत चार, चौकोन ओढला, पुन्हा स्कॅन. कुठं शंका राहिली तर ती स्लाइड माझ्या मायक्रोस्कोपशेजारी ठेवून वर पिवळी चिठ्ठी चिकटवतात. आज सकाळी तीन चिठ्ठ्या होत्या. तिन्हींवर काकांच्या वळणदार अक्षरात तेच दोन शब्द: काच बघा.